बाबूकाकांच्या मांडीखालची पायरी

ताईचा फोन आला तेव्हा मी हॅवलॉकला डायव्हिंगच्या टाक्यांमध्ये हवा भरत होतो. कंप्रेसरच्या आवाजात एवढंच ऐकू आलं, "नित्या, बाबूकाका चालले रे!" मी घाबरून कंप्रेसर बंद केला.

"कुठे चालले? काय झालं?"

"पुण्याला," ताई म्हणाली. "मुलाकडे. कायमचे. आणि जायच्या आधी त्यांना तुझा तो अर्धा-अर्धा फोटो पाहिजे. तू बोलला होतास ना, काढतो म्हणून?"

बोललो होतो. व्हिडिओ कॉलवर माणूस काय वाटेल ते बोलतो.

आता हे काका कोण ते सांगतो. माझे दाजी रेल्वेत आहेत. बदली होऊन बनारसला गेले आणि तिथे दुर्गाघाटाजवळ एका मराठी गुरुजींच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतात. ते गुरुजी म्हणजे बाबूकाका. कितीतरी पिढ्या काशीतच राहिलेलं घराणं. पूजा सांगतात, श्राद्धं करवतात, आणि रोज सकाळी गंगेत पोहत जाऊन पाण्यात मांडी घालून बसतात. मजेत. पाणी गळ्याशी, हात मांडीवर, तोंड सूर्याकडे. हलत नाहीत आणि बुडतही नाहीत. काकू म्हणतात, ती सगळी पोटाची पुण्याई.

पण गल्लीत अण्णा राहतात. बँकेतून रिटायर झालेले, काकांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांचं म्हणणंही लहानपणापासून एकच: "बाबू तरंगत नाही. तिथे पाण्याखाली एक पायरी आहे, तिच्यावर बसतो."

काकांनी काय नाही केलं? बांबू खाली घालून दाखवला. अण्णा म्हणाले, बांबू पायरीच्या बाजूने गेला. नावाड्यांची साक्ष काढली. अण्णा म्हणाले, नावाडी तुझेच चेले. "मग उतर आणि स्वतः बघ," तर अण्णांना सर्दी. बारा महिने. पोहता येत नाही हे कबूल करायचं नाही.

अशा माणसाला मी व्हिडिओ कॉलवर एक फोटो दाखवला होता. वर होडी आणि आभाळ, खाली प्रवाळ आणि मासे, मधे पाण्याची रेघ. काका मोबाइलमध्ये नाक घालून म्हणाले होते, "म्हणजे माझं डोकं वर आणि मांडी खाली, एकाच फोटोत? आणि खाली पायरी नाही हे दिसेल?"

"दिसेल ना काका," मी म्हणालो होतो. त्याच वेळी थेंबांचं सांगायला हवं होतं.

मी मालवणचा. नववीत शाळेने आणि मी एकमेकांना सोडलं. एका जागी बसायची सवय नाही, म्हणून गोवा, मग मुरुडेश्वर, मग इथे अंदमानात. टाक्या भरता भरता फोटो काढायला शिकलो. डायव्हिंग सेंटरच्या मालकाकडून जुना कॅमेरा घेतला, त्याचा पाणबंद डबा घेतला आणि डब्याच्या तोंडाला लावायचा डोम. डोम म्हणजे मोठ्या वाडग्याएवढा पारदर्शक घुमट. अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर ठेवायचा आणि बटण दाबायचं. ऐकायला सोपं आहे.

हॅवलॉक ते दुर्गाघाट

बोटीने पोर्ट ब्लेअर, विमानाने कलकत्ता, हावड्याहून रात्रीची गाडी. तिकीट आधी काढा, थंडीत बनारसकडे सगळा देश निघालेला असतो. काही गाड्या मुगलसरायला सोडतात. स्टेशनचं नाव बदललंय, पण रिक्षावाले जुनंच ओरडतात, तेव्हा पाटी बघून गोंधळू नका.

विमानतळावर डोममुळे बॅग उघडायला लावली. साहेबांनी तो दोन्ही हातांत धरून उजेडात फिरवला आणि विचारलं, "मछली पालते हो?" मी हो म्हणालो. समजावण्यात विमान गेलं असतं.

बनारस स्टेशनहून मैदागिनपर्यंत शेअर ई-रिक्षा मिळते, वीस-तीस रुपयांत. पुढे गल्ल्या. दुर्गाघाटाकडे गाडी जात नाही, दोन माणसं आणि एक बैल समोरासमोर आले तर माणसांनी मागे जायचं असा नियम आहे. वाटेत चौखंबाला मलइयो नक्की खा. दुधाचा केशरी फेस असतो, फक्त थंडीत मिळतो, तोंडात घातला की गेला कुठे कळत नाही. मी कुल्हडावर कुल्हड खाल्ले आणि पोट तेवढंच रिकामं राहिलं.

काकांनी दारातच माझी बॅग उघडायला लावली. वेटसूट बाहेर निघाला तसा बोटाने दाबून बघितला.

"हे काय? रबराचं सोवळं?"

"पाणी गार असेल ना काका."

"गंगा गार नसते. माणूस गार असतो," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाण्यात पाय घातल्यावर कळलं, गंगाही गार असते.

पहिली सकाळ: लाल डोम

थेंबांची भानगड समजून घ्या. डोमचा वरचा अर्धा भाग बाहेर असतो. पाण्यातून वर आला की त्यावर थेंब बसतात. डोळ्याला ते किरकोळ वाटतात, पण भिंग जवळ असल्यामुळे फोटोत प्रत्येक थेंबाचा धुरकट गोळा होतो. आणि थेंबांना अक्कल असते. रिकाम्या आभाळावर बसत नाहीत, तोंडावर बसतात.

यावर आम्हा डायव्हरांचा उपाय म्हणजे थुंकी. डोमवर थुंकायचं, बोटाने चोळायचं, पाण्यात बुडवून उचलायचं. मग पाणी थेंब न होता पडद्यासारखं सरळ खाली उतरतं आणि त्या दोन-तीन क्षणांत फोटो घ्यायचा. अंदमानात आम्ही हे दिवसभर करतो. मालक करतो, गोरे पाहुणे करतात.

त्या सकाळी कचोरी-जिलबी झाल्यावर दाजींनी मला पान चारलं होतं.

काका पोहत जाऊन आपल्या जागी बसले, तोंड सूर्याकडे, पाठ घाटाकडे. मी त्यांच्या समोर, नावेला बांधलेली दोरी कमरेला, डोम हातात. सवयीने डोमवर थुंकलो आणि चोळलं. डोम लालभडक.

आधी नावाडी ओरडला. मग घाटावर अर्घ्य देत उभ्या बायका. मग बाबूकाकांची मांडी सुटली आणि ते पहिल्यांदाच बुडता बुडता वाचले.

"अरे गाढवा! गंगेत थुंकी? ते पण पानाची?"

"काका, डोमवर थुंकलो, गंगेत नाही..."

"आणि डोम कुठे घालणार होतास? माझ्या डोक्यात?"

घाटावरून अण्णांचा आवाज आला, "बाबू, पायरीवर नीट उभा राहून शिव्या दे रे, दम लागेल!"

मला बाहेर काढलं. डोम नळावर धुतला. मग काकांनी तांब्यातलं गंगाजल पळीने त्यावर शिंपडलं, काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "हां. शुद्ध झाला." शुद्ध झाला होता खरा. वरपासून खालपर्यंत थेंबांनी भरला होता.

दुसरी सकाळ: हे पाय कुणाचे?

थुंकी बंद, मग मी कापडावर आलो. वरचा अर्धा भाग मऊ फडक्याने पुसून कोरडा ठेवायचा आणि बाहेर धरूनच फोटो काढायचा. तलावात हे जमतं. गंगेत पर्यटकांच्या मोटरबोटी आहेत. पुसलं की बोट जाणार, लाट येणार, डोमवर सडा. पुन्हा पुसलं, पुन्हा बोट. पाणी हिवाळ्यात जरा निवळतं, तरी हात लांब केला तर बोटं दिसतील इतकंच, म्हणून मला काकांच्या अगदी जवळ जावं लागत होतं. काका म्हणत होते, "तू फोटो काढतोयस का दाढी करतोयस?"

खूप फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर बघितले. एकात खालचा भाग असा आला होता की मीच खुश झालो. हिरवट पाणी, घट्ट घातलेली मांडी आणि मांडीखाली काही नाही, नुसतं खोल हिरवं. पायरी नाही, दगड नाही, काही नाही. वर मात्र काकांच्या मानेवर डोकं नव्हतं, तिथे एक भलामोठा थेंब बसला होता.

"हरकत नाही," काका म्हणाले, "मांडी तर दिसते." आणि त्यांनी तेवढ्यात खिडकीतून अण्णांना हाक मारलीच.

अण्णा माकडटोपी घालून आले. चष्मा वर, चष्मा खाली, स्क्रीनला नाक लावून बघितलं. काकूंनी गॅस बारीक केला.

"तरंगतोय," अण्णा म्हणाले.

काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"पण कोण?" अण्णा म्हणाले. "चेहरा कुठाय? हे पाय तर त्या नावाड्याचे वाटतात. तुला पायरीवर बसवलं आणि त्याला तरंगवलं. एकदम साफ बात आहे."

"अण्णा, हे माझे पाय आहेत!"

"मतलब? पायावर काय नाव लिहिलंय तुझं?"

काका लाल झाले. अण्णा काकूंच्या हातचा चहा पिऊन गेले. जाताना मला म्हणाले, "गुरू, मेहनत चांगली केलीस. फोटो फालतू आहे."

रात्री जेवताना काकूंनी सांगितलं की मुलाने गाडीचं रिझर्व्हेशन केलंय, आठवडा राहिलाय. डॉक्टरांनी डोळ्यांचं ऑपरेशन पुण्यात करून घ्या म्हटलंय आणि मग पाण्यात जाणं बंद. काका भाताचा गोळा करत म्हणाले, "जन्मभर ऐकलं. जाताना तरी ऐकून जाऊ नये असं वाटतं." मग ताटाकडे बघूनच, "तुला जमेल ना रे?"

हे मला लागलं. मालकाने विचारलं असतं तर थाप मारली असती. यांना मारता येईना.

एकादशी

त्याच रात्री मी म्हणालो, "काका, बेबी शाम्पूचे दोन थेंब लावले तर..."

"गंगेत साबण? नाही."

"मग एकच राहिलं. जुने डायव्हर चष्म्याला बटाटा चोळतात. कच्चा, कापलेला. त्याच्या रसावर थेंब ठरत नाही. मी स्वतः कधी केलेलं नाही."

काकांनी डोळे मिटले. धर्मशास्त्राचा प्रश्न होता. आम्ही थांबलो.

"उद्या एकादशी," ते म्हणाले. "बटाटा उपासाला चालतो. जे उपासाला चालतं, ते गंगामाईला का नाही चालणार?"

झालं. निकाल लागला.

सकाळी धुकं होतं, पण सूर्य वर येत होता आणि मोटरबोटी अजून आल्या नव्हत्या. काका पाण्यात जाऊन बसले. मी ताईला ओरडलो, "बटाटा!" ताई वाटी घेऊन खाली आली. नावाड्याने वाटी माझ्याकडे दिली. मी न बघता बटाटा डोमवर चोळला आणि डोमवर त्याचा लगदा झाला. काकूंनी उपासाच्या भाजीसाठी उकडून, सोलून ठेवलेल्यातलाच बटाटा दिला होता.

नावाडी शांतपणे म्हणाला, "भइया, जीरा-मिर्चा नहीं डालोगे?"

"ताई, कच्चा! कच्चा बटाटा!"

"तू आत्ता कच्चा कुठे बोललास?" ताई पायऱ्यांवरून खेकसली. "कालपासून बटाटा बटाटा लावलंयस!" आणि चप्पल हातात घेऊन पायऱ्या चढायला लागली. दुर्गाघाटाच्या पायऱ्या ज्यांनी चढल्यात त्यांना तिची दया येईल.

मी लगदा धुवत होतो. काका थंडीत बसलेले, ओठ निळे पडत चालले होते. मी म्हणालो, "काका, बाहेर या, नंतर करू." ते मानेनेच नाही म्हणाले. मागून अण्णा सुरू होते, "थंडी वाजते का रे? पायरीवर उभा राहा की जरा! लाज कसली?" काकांनी मागे वळून न बघता उत्तर दिलं, "तू तुझी सर्दी सांभाळ!"

ताई धापा टाकत आली. या वेळी कच्चा, अर्धा कापलेला. मी पूर्ण डोम चोळला, हलकेच पाण्यात खंगाळला, पुन्हा पूर्ण बुडवला आणि तसाच खाली धरून काकांकडे बघत राहिलो. काकांनी श्वास भरला. मांडी जमली. पाणी शांत झालं. मी डोम अर्धा वर उचलला.

पाणी डोमवरून एका पडद्यात उतरलं. गादीवरून चादर ओढावी तसं. एकही थेंब मागे राहिला नाही. मी बटण दाबतच राहिलो.

दोन फोटो

घरी आल्यावर काकांना दोन स्वेटर आणि काकूंची शाल गुंडाळून लॅपटॉपसमोर बसवलं. फोटो उघडला. वर काकांचा चेहरा, मिशीतला दवासारखा ओलावासुद्धा दिसत होता. खाली मांडी, गुडघ्याजवळ एक बोटभर मासा, आणि त्याखाली गंगाच गंगा.

"बोलाव त्याला," काका म्हणाले. आणि लगेच, "थांब. हे मागे काय आहे?"

मी मोठं करून दाखवलं. काकांच्या खांद्यामागे घाट होता, आणि थेंब नसल्यामुळे तोही साफ आला होता. शेवटच्या कोरड्या पायरीवर, नव्हे, तिच्याही खालच्या पायरीवर, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं करून अण्णा उभे होते. अण्णा, ज्यांना बारा महिने सर्दी. तोंड उघडं, म्हणजे टोमणा चालूच होता. एका खांद्यावर काकांचा कोरडा पंचा. आणि दुसरा हात पुढे, काकांच्या दिशेने, असा ताणलेला, की आत्ता बुडालास तर धरतो.

"हे आजच केलं असेल," मी म्हणालो. "तुम्ही थंडीत जास्त वेळ बसलात म्हणून."

"आजच कशाला?" काकू आतून म्हणाल्या. "रोज असाच उभा असतो. मी वर गच्चीवर कपडे वाळत घालते, तिथून बघते ना. तुमची पाठ असते त्याच्याकडे."

काकांनी शाल सारखी केली.

"नितीन, कालचा तो आहे का रे? थेंबवाला?"

"आहे. पण काका, हा एवढा साफ आलाय..."

"हा मला दे. त्याला थेंबवाला दे, मोठा करून. फ्रेम लाव."

"काका, ते परत म्हणतील पाय कुणाचे!"

"म्हणू दे की," काका म्हणाले. "मी पुण्याला गेल्यावर सकाळी उठून त्याने बोलायचं काय?"

ठठेरी बाजाराजवळ एका दुकानात मी थेंबवाला फोटो छापून घेतला. दुकानदाराने विचारलं, "गुरू, खराब वाला ही छापना है?" फ्रेमसकट अण्णांच्या घरी नेऊन दिला. अण्णांनी तो भिंतीवर लावला, लांब जाऊन बघितला आणि समाधानाने म्हणाले, "एवढं करूनसुद्धा सिद्ध नाही झालं. बघ."

परत हॅवलॉक

येऊन दोन महिने झाले. तुम्ही बनारसला जाणार असाल तर थंडीत जा, मलइयो खा, घाट पायी फिरा, आणि अर्धा-अर्धा फोटो काढायचाच असेल तर सकाळी बोटी सुरू व्हायच्या आत. पान फोटो झाल्यावर. डोमसाठी बटाटा न्या, कच्चा. मी इथेही आता तोच वापरतो. मालक आधी हसला, मग गुपचूप माझ्या पिशवीतला नेऊ लागला.

काकांचं ऑपरेशन झालं. मुलाच्या सोसायटीत पोहायचा तलाव आहे, पण तिथे डोक्याला रबराची टोपी सक्तीची आहे आणि डॉक्टर अजून सोडत नाहीत. साफ फोटो काकांनी कपाटात ठेवलाय, कुणाला दाखवत नाहीत. ताई सांगते, रोज सकाळी घाटावरून अण्णांचा फोन जातो. नमस्कार नाही, तब्येत नाही, पहिलं वाक्य ठरलेलं, "काय रे बाबू, पाय कुणाचे होते ते आज तरी सांगणार आहेस का?" आणि मग दोघं तासभर भांडतात. अण्णा माझा हा ब्लॉग वाचत नाहीत, मोबाइलवर फक्त सुप्रभातचे फोटो बघतात. तरी तुमच्यापैकी कुणी दुर्गाघाटाकडे गेलात तर तोंड बंद ठेवा.

म्हणूनच इथे खाली मी थेंबवाला फोटो लावलाय. इथली पोरं तो बघून मला चिडवतात, "एवढा लांब गेलास आणि डोम पुसायला विसरलास?"

"विसरलो," मी म्हणतो, आणि टाक्या भरायला जातो.